दोष मोकळ्या जागेचा नव्हे, स्क्रिप्टचा

पिंपळनेर धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यात आहे, तसंच बीड जिल्ह्यातही. म्हणून फोल्डरला ‘पिंपळनेर साक्री’ असं नाव देणं शहाणपणाचंच. पण कमांड चालवणारं बॅश शेल मोकळ्या जागेवर शब्द तोडतं. अवतरणचिन्हं नसतील, तर पुसण्याच्या कमांडला एका फोल्डरऐवजी ‘पिंपळनेर’ आणि ‘साक्री’ अशी दोन नावं मिळतात. त्यांपैकी एखाद्या नावाचं दुसरं काही तिथे असलं, तर तेच पुसलं जातं. नोव्हेंबर २००१मध्ये ॲपलच्या आयट्यून्स २च्या इन्स्टॉलरमध्ये अशीच अवतरणचिन्हं द्यायची राहून गेली. काही मॅक संगणकांच्या डिस्कवरचा डेटा गेला आणि कंपनीला तातडीने सुधारित आवृत्ती काढावी लागली.

‘मग मोकळ्या जागेऐवजी अंडरस्कोर वापरा’ हा सल्ला स्वतःच्या फाइलींपुरता ठीक आहे. पण अशा कमांड एकत्र लिहिलेल्या स्क्रिप्टला इतरांनी दिलेली नावंही हाताळावी लागतात. विंडोजचं ‘प्रोग्राम फाइल्स’ हे त्यातलंच. तेव्हा शिस्त नावाला नको, स्क्रिप्टला हवी. बॅशमध्ये फाइलचा पाथ असलेलं व्हेरिएबल दुहेरी अवतरणात ठेवावं. एकेरीत ठेवलं तर त्याच्या जागी खरा पाथ येतच नाही. आणि नवी स्क्रिप्ट आधी मोकळ्या जागांच्या नावांवरच, काही न पुसता नुसती यादी छापून तपासावी.