छोटे रॉकेट, खरा गोंद

पुण्यातील एआरडीई या संरक्षण संशोधन संस्थेत विकसित झालेली ‘पिनाक’ रॉकेट प्रणाली १९९९ च्या कारगिल युद्धात वापरली गेली. ट्रकवरून ४४ सेकंदांत १२ रॉकेट सोडणे ही तिची ओळख. अशा लष्करी वाहनांची प्लॅस्टिकची मॉडेल सुटे भाग जोडून तयार करण्याचा छंद चांगला आहे. त्याने बोटांना अचूकपणाची सवय लागते आणि चिकाटी वाढते. काळजी घ्यायची ती गोंदाची आणि बारीक भागांची.

मॉडेलचा गोंद मुख्यतः दोन प्रकारचा असतो. पहिल्यातील द्रावक प्लॅस्टिकचा पृष्ठभाग विरघळवून दोन भाग एकजीव करतो. त्याची वाफ हवेपेक्षा जड असते. धाराशिव जिल्ह्यात उन्हाळी सुटीत दुपारी दारे-खिडक्या लावून घेतात. अशा खोलीत जमिनीवर बसून काम केल्यास डोके दुखते, गरगरते, मळमळते. म्हणून हे काम सकाळी, मोकळ्या हवेत करावे. मुद्दाम गोंद हुंगणे तर जीवघेणे आहे. त्याने हृदय अचानक बंद पडू शकते.

दुसरा झटपट चिकटणारा गोंद, म्हणजे सायनोॲक्रिलेट. तो ओलाव्यामुळे घट्ट होतो, म्हणूनच त्वचेला लगेच धरतो. बोटे चिकटली तर ओढू नयेत. कोमट साबणाच्या पाण्यात भिजवून हळूहळू सोडवावीत. सांडलेला गोंद कापसाने किंवा सुती कापडाने पुसू नये. तो तापून चटका बसू शकतो. पापण्या चिकटल्यास त्या ओढू नयेत, ॲसिटोन लावू नये. कोमट पाण्याने धुऊन लगेच नेत्रतज्ज्ञांकडे जावे.

आता बारीक भाग. १:३५ प्रमाणात ट्रकचा ३५ सेंटिमीटरचा आरसा अवघा १ सेंटिमीटरचा होतो. घरात रांगते मूल असेल, तर जोडणी उंच टेबलावर करावी आणि उठताना सगळे भाग डब्यात बंद करावेत. एखादा तुकडा मुलाच्या घशात गेला आणि ते जोरात खोकत असेल, तर खोकू द्यावे. तोंडात अंदाजाने बोट घालू नये. तुकडा आणखी आत जातो. आवाज किंवा श्वास बंद झाला, तर मुलाला पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताने पाच जोरदार थापा माराव्यात आणि दुसऱ्या कोणाला तरी लगेच १०८ वर फोन करायला सांगावे.