रोजचं बघणं

जांब समर्थ हे समर्थ रामदासांचं जन्मगाव. ऑगस्ट २०२२ मध्ये इथल्या मंदिरातल्या जुन्या पंचधातूच्या मूर्ती चोरीला गेल्या, पुढे सापडल्याही. पण रोज दर्शन घेणाऱ्या आपल्यापैकी किती जणांना ती मूर्ती डोळे मिटून सांगता येईल? आपण हात जोडतो, बघत नाही. सर्जनशीलता तिथंच अडते.

म्हणून एक सोपा अभ्यास. पाच-सहा जणच जमा. घोळक्यात लाजरी माणसं गप्प बसतात. मोबाईल एक असला तरी चालेल. वस्तूही एकच, समजा घरातलं जुनं जातं अंगणात आणलं. प्रत्येकानं तीनच फोटो काढायचे. झूम नाही, जवळ जायचं तर पायांनी जायचं. भर दुपारी दगड सपाट दिसतो, ऊन कललं की टाकीचे घाव उठून येतात. मग बसून फोटो बघा. 'छान' म्हणायचं नाही, काय दिसलं ते सांगायचं.

समर्थांनीही दासबोधाच्या १९व्या दशकात पहिलाच समास अक्षर गिरवण्यावर घातलाय. ओळ सरळ कशी ठेवावी, इतकं बारीक!

पहिल्या बैठकीत सगळ्यांचे फोटो सारखेच येतात. येऊ द्या. दुसरी बैठक ठरवूनच उठा.