सुकविलेल्या फुलांची सजावट : उरलेल्या फुलांतून नव्हे, निवडक फुलांतून

दसरा झाला आणि झेंडूचा भाव उतरला की, "उरलेली फुले वाळवून विकता येतील का?" हा प्रश्न शेतकरी मेळाव्यांत हमखास विचारला जातो. पुष्परचनेपुरते बोलायचे तर याचे उत्तर 'नाही' असे आहे. कोमेजलेल्या फुलातील दोष वाळल्यावर झाकले जात नाहीत, उलट जास्त उठून दिसतात. अशा फुलांच्या पाकळ्या सावलीत वाळवून रंगासाठी किंवा सुगंधी मिश्रणासाठी वापरता येतात. फुलदाणीत लावायचे फूल मात्र त्याच कामासाठी, योग्य अवस्थेत तोडलेले असावे लागते.

आपल्या देशातून सुकविलेल्या फुलांची मोठी निर्यात होते. तुतिकोरीन व कोलकाता ही या व्यवसायाची प्रमुख केंद्रे आहेत. मात्र त्या मालात खरी फुले कमी व शेंगा, बोंडे, कणसे, गवते व फळांची टरफले अधिक असतात, हे पुष्कळांना माहीत नसते. म्हणजे या कामाची सुरुवात गुलाबापासून न करता बांधापासून करावी.

शेतातील सामग्री

गव्हाच्या ओंब्या दाणे पक्व होण्यापूर्वी, ओंबी हिरवट-पिवळी असताना लांब देठासह कापाव्यात. पूर्ण वाळलेली ओंबी हाताळताना तुटते. बाजरीची आटोपशीर कणसे, तिळाची व अंबाडीची बोंडे, भेंडीच्या जून होऊन तडकलेल्या शेंगा आणि कमळाची वाळलेली फळे चांगली दिसतात. खरिपात तण म्हणून येणाऱ्या कुर्डूचे तुरे बी धरण्यापूर्वी कापल्यास सजावटीला माल मिळतो व पुढील वर्षीचे तणही कमी होते.

कपाशीच्या बोंडांची उमललेली टरफले आकर्षक असतात, परंतु न उमललेली, किडकी बोंडे घरात आणून साठवू नयेत. त्यांत गुलाबी बोंडअळी सुप्तावस्थेत राहते व पुढील हंगामात तिचाच उपद्रव होतो. गाजर गवत कितीही नाजूक दिसले तरी वापरू नये, त्याची ॲलर्जी होते. धोतऱ्याची फळे विषारी असल्याने लहान मुले असलेल्या घरी नकोत.

जी फुले आपणहून वाळतात

हेलिक्रिसम (कागदी फूल), स्टॅटिस, गोम्फ्रेना आणि कोंबडा ही फुले मुळातच कोरडी असतात. नवीन माणसाने याच फुलांपासून सुरुवात करावी, असे आमचे मत आहे. पठारी भागात हेलिक्रिसमची रोपे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये टाकून सुमारे महिनाभराने ३० x ३० सें.मी. अंतरावर लावावीत. घरच्या वापरासाठी एक-दोन वाफे पुरेसे होतात.

हेलिक्रिसमच्या बाबतीत तोडणीची वेळ सर्वात महत्त्वाची असते. तोडल्यानंतरही हे फूल उमलत राहते, म्हणून बाहेरच्या दोन-तीन फेरीच पाकळ्या उघडल्या असताना ते तोडावे. पूर्ण उमललेले फूल वाळल्यावर मागे वळते व मधला भाग उघडा पडून ते बेढब दिसते. देठ कमजोर असल्याने फूल ताजे असतानाच खालून बारीक लोखंडी तार खोवावी. वाळताना तार किंचित गंजून फुलात घट्ट बसते. स्टॅटिस मात्र तुऱ्यावरील बहुतेक फुले उमलल्यावर कापावे.

फुले दव ओसरल्यानंतर, कोरड्या हवेत तोडावीत. लहान जुड्या बांधून अंधाऱ्या, हवेशीर खोलीत उलट्या टांगाव्यात. उलट्या टांगल्याने देठ सरळ राहतात व अंधारामुळे रंग टिकतो. उन्हात वाळविण्याची घाई करू नये.

गुलाब व झेंडू

ही फुले उघड्यावर वाळविल्यास आकसतात. त्यासाठी ती सिलिका जेलमध्ये पुरावी लागतात. डब्यात तळाशी दोन-तीन सें.मी. थर देऊन त्यावर अर्धवट उमललेले फूल उभे ठेवावे व पाकळ्यांमध्ये शिरेल अशा रीतीने बारीक जेल हळूहळू ओतावे. डबा घट्ट बंद करावा. साधारण चार ते सात दिवसांत फूल कागदासारखे होते. ओलावा शोषून रंग बदललेले जेल तापवून पुन्हा वापरता येते, त्यामुळे सुरुवातीचा खर्च अनेक वेळा विभागला जातो. धुऊन, चाळून कडक उन्हात वाळविलेली बारीक वाळूही चालते. तिच्यात वेळ जास्त लागतो आणि डबा उघडाच ठेवावा लागतो. लाल गुलाब वाळल्यावर काळपट होतो. पिवळ्या व केशरी फुलांचा रंग चांगला टिकतो.

पानांसाठी निलगिरी किंवा सिल्व्हर ओकच्या फांद्या एक भाग ग्लिसरीन व दोन भाग गरम पाणी या द्रावणात उभ्या ठेवाव्यात. पाने तपकिरी होतात पण लवचीक राहतात.

रचना व विक्री

बैठकीसाठी थर्माकोल वापरू नये. त्याच्या सजावटीवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे. मातीच्या भांड्यात कोरडी वाळू, किंवा भेंडाचा तुकडा पुरतो. आधी उंच ओंब्या व गवते, मग बोंडे आणि शेवटी फुले लावावीत. उंची भांड्याच्या दीडपटीपर्यंत असावी. सगळेच एका भांड्यात कोंबण्याचा मोह टाळावा.

ओंब्या-कणसांना साठवणीत किडे लागतात. विक्रीपूर्वी त्या ६० अंश सेल्सिअस तापमानात सुमारे तासभर तापवून घ्याव्यात. सिलिकात वाळविलेली फुले पावसाळ्यात दमट हवेने मऊ पडतात, म्हणून ती काचेच्या बंद पेटीतच द्यावीत. कोकणातील बंधू-भगिनींनी याकडे विशेष लक्ष द्यावे.

या कामात मजुरीचा भाग मोठा आहे व माल ठिसूळ असल्याने वाहतुकीत मोडतो. तेव्हा लागवड वाढविण्यापूर्वी जवळच्या शहरातील पुष्पविक्रेते, कार्यालयांची सजावट करणारे व हॉटेल यांना पाच-सहा नमुने दाखवावेत. ते पाऊस संपेपर्यंत त्यांच्याकडेच ठेवावेत आणि कोणते टिकले व कोणते पुन्हा मागितले हे पाहून रब्बीत किती वाफे घालायचे ते ठरवावे.