मापकाचे माप

आमच्या प्रयोगशाळेतील वारंवारतामापक आठ आकडे दाखवतो. त्या आकड्यांवर आम्हा शिक्षकांचा फार विश्वास होता. काही वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये नववीच्या एका विद्यार्थ्याने जुन्या यंत्रातून काढलेला १० मेगाहर्ट्झचा दोलक मापकास जोडला. मापकाने १,००,००,२३० हर्ट्झ दाखवले आणि आम्ही त्याचा दोलक सदोष ठरवला. "सर, मापकच चुकत असेल तर?" असे त्याने विचारले होते. त्या प्रश्नाचे उत्तर मिळवण्यास आम्हांस बरेच महिने लागले. ते माजी विद्यार्थ्यांपुढे आणि पालकांपुढे मांडणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

एका सेकंदात किती आंदोलने झाली, एवढेच मापक मोजतो. मात्र तो सेकंद त्याच्याच आतील क्वार्ट्झ स्फटिक ठरवतो. स्फटिक मंदावला की सेकंद लांबतो आणि त्यात आंदोलने अधिक भरतात.

स्फटिक का मंदावतो, हे भिंतीवरच्या घड्याळावरून कळेल. त्यातील स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो, तोही सुमारे २५ अंश तापमानास. त्याहून ऊन वाढो की थंडी, तो मागेच पडतो. आपल्या यवतमाळात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो. खोली सतत तेवढी तापलेली राहिली, तर घड्याळ दिवसाला सुमारे १.२ सेकंद मागे पडेल. मापकातील स्फटिक निराळ्या पद्धतीने कापलेला असतो, पण उष्णता आणि वय त्यालाही चुकत नाही.

उपाय उलटा वाटेल असा आहे: स्फटिकास थंड ठेवायचे नाही, तर कायम तापवून ठेवायचे. छोट्या भट्टीत बसवलेला, सुमारे ७५ अंशांवर स्थिर राखलेला १० मेगाहर्ट्झचा दोलक आम्ही भंगारात निघालेल्या दूरसंचार सामग्रीतून मिळवला. जुना असणे येथे गुणच ठरतो; वर्षानुवर्षे चाललेल्या स्फटिकाचे भरकटणे मंदावलेले असते. अडचण विजेची होती. वीज गेली की भट्टी निवते आणि पुन्हा स्थिरावण्यास तास-दीड तास जातो. म्हणून बॅटरी जोडावी लागली.

तरीही दोलक स्थिर आहे, याचा अर्थ तो अचूक आहे असा होत नाही. अचूकता बाहेरून आणावी लागते. जीपीएस उपग्रहांत अणुघड्याळे असतात आणि साधा ग्राहक-संचही त्यांच्या आधारे दर सेकंदाला एक ठोका देतो. हा ठोका काही दशक नॅनोसेकंदांनी मागेपुढे हलतो. त्यामुळे एका सेकंदापुरता आपला भट्टीतला स्फटिकच अधिक भरवशाचा. मात्र दिवसभराच्या हिशेबात उपग्रह कधीच वाहवत नाही. म्हणून घाई न करता १,००० ठोक्यांमधील आंदोलने मोजावयाची. ती बरोबर एक हजार कोटी भरली पाहिजेत. दोन-तीन कमी भरली, तर दोलकाचे नियंत्रक व्होल्टेज किंचित बदलावयाचे. आम्ही प्रारंभी दर सेकंदाला दुरुस्ती करत होतो. त्याने चांगला स्फटिक आम्हीच बिघडवत होतो. अँटेनाही आधी पत्र्याखाली ठेवली होती. ती छतावर, उघड्या आकाशाखाली नेल्यावरच ठोका नियमित झाला.

हे केवळ छंदाचे काम नव्हे. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. सुमारे २५ किलोमीटर पसरलेल्या या अँटेनांना एकाच संदर्भ वारंवारतेशी बांधलेले असते. एरवी त्यांचे संकेत जुळवताच येणार नाहीत.

आमचा संच स्थिरावल्यावर तो मापकास बाह्य संदर्भ म्हणून जोडला आणि त्या विद्यार्थ्याचा कपाटात पडून असलेला दोलक पुन्हा लावला. मापकावर १,००,००,००८ हर्ट्झ उमटले. २३० पैकी २२२ हर्ट्झची चूक आमच्या मापकाची होती. तोवर तो शाळा सोडून गेला होता. आम्ही त्यास पत्राने कळवले आणि दोलकही परत पाठवला. मापकावर आता एक चिठ्ठी चिकटवली आहे: "संदर्भ जोडल्यावर एक तास थांबा, मगच आकडा लिहा."