फेरफाराची शिस्त

ज्याने आजवर साधी वेबपाने लिहिली आहेत, म्हणजे बटण दाबताच पानावरचा अमुक मजकूर हुडकावा, तो पालटावा, शेजारचा आकडा एकाने वाढवावा, अशा सुट्या हुकुमांची मालिका जावास्क्रिप्टमध्ये रचली आहे, त्याला फ्रंट-एंड फ्रेमवर्कच्या आधाराने पहिले वेब ॲप उभारताना नवी परिभाषा तितकीशी जड जात नाही. जड जाते ते पानाला असे पदोपदी हुकूम देण्याची सवय मोडणे. जॉन रेसिग यांच्या जेक्वेरी या जावास्क्रिप्ट लायब्ररीने २००६ पासून ही सवय इतकी सुखावह करून ठेवली होती की तिच्यात काही वावगे आहे अशी शंकाही कुणास येऊ नये.

मी निवडलेले काम लहान होते. एका वाचनालयाची देवघेव: सभासद, पुस्तक, नेल्याची तारीख, परतीची मुदत. साधन म्हणून रिॲक्ट घेतले. नोड बसवून व्हीट या बांधणीच्या साधनाला एक आज्ञा दिली की सांगाडा तयार मिळतो आणि त्यासोबत हजारो परक्या फायलींनी भरलेले एक फोल्डरही येते, ज्यात डोकावण्याची नवशिक्यास काहीएक गरज नसते.

रिॲक्ट २०१३ च्या मे महिन्यात फेसबुकने सर्वांसाठी खुले केले, तेव्हा पानाची मांडणी आणि तिचा व्यवहार एकाच फायलीत कालवलेला पाहून जाणकारांनी नाके मुरडली होती. पानाची रचना एका दप्तरात व तिचे वर्तन दुसऱ्या दप्तरात, हा तोवरचा सोवळेपणा. परंतु पुस्तकाच्या नोंदीचा एक कंपोनंट लिहून पाहावा, म्हणजे त्यातील नाव, तारीख आणि ‘परत आले’ हे बटण ही एकत्र वाचण्याचीच गोष्ट आहे हे ध्यानी येते, आणि आक्षेप घेणाऱ्यांचा पक्ष लंगडा वाटू लागतो.

खरी परीक्षा पुढे, स्टेटपाशी, म्हणजे ॲपने स्वतःजवळ ठेवलेल्या चालू नोंदींपाशी. पडद्यावर जे दिसते ते स्टेटमधल्या नोंदींवरून काढलेले चित्र असते. म्हणून पडद्यास हात न लावता नोंद बदलावी, चित्र रिॲक्ट पुन्हा काढील. यादीत ‘पुश’ने नवे पुस्तक घातले तर यादी वाढते, कन्सोलमध्ये वाढलेली दिसते, आणि पडदा मात्र ढिम्म राहतो, कारण आतला मजकूर पालटला तरी वस्तू तीच आहे, आणि रिॲक्ट तपासते ते एवढेच की हाती आलेली वस्तू पूर्वीचीच आहे की नवी. तलाठी सातबाऱ्यावरचे नाव परस्पर खोडीत नाही. गाव नमुना ६ मध्ये फेरफाराची नवी नोंद घालतो, ती प्रमाणित झाल्यावर उतारा बदलतो. येथेही जुनी यादी तशीच ठेवून, तिची नक्कल अधिक नवे पुस्तक अशी दुसरी यादी करावी आणि ती ‘युजस्टेट’ने दिलेल्या फंक्शनाच्या स्वाधीन करावी. यादी स्वाधीन केल्यावर लगेच पुढच्याच ओळीत मूल्य वाचले तर जुनेच हाती येते. नवे मूल्य चित्राच्या पुढच्या फेरीत मिळते.

ही शिस्त अंगी बाणली की दुसरा प्रश्न पडतो: नोंदीत ठेवावे काय? थकीत पुस्तकांची संख्या स्वतंत्र ठेवण्याचा मोह फार होतो. पण ती मुदतीच्या तारखेवरून कधीही काढता येते, आणि जे काढता येते ते साठवले की दोन हिशेब एकमेकांशी भांडू लागतात. यादीतील प्रत्येक ओळीस ओळख म्हणून द्यावयाची ‘की’देखील अशीच विचारपूर्वक निवडावी: ओळीचा अनुक्रमांक दिला की मधले पुस्तक काढल्यावर एका सभासदाचा अर्धवट लिहिलेला शेरा दुसऱ्याच्या नावापुढे जाऊन बसतो, तेथे पुस्तकाचा दाखल क्रमांकच हवा.

मराठीच्या वाट्यास आलेली एक अडचण कोणत्याही पाठ्यक्रमात मला आढळली नाही. दंडाची रक्कम ‘एमआर-आयएन’ या मराठीच्या भाषासंकेताने छापली तर ब्राउझर ती १,२५,००० अशी देवनागरी अंकांत, लाखांच्या स्वल्पविरामासह बिनचूक देतो. मात्र मजकुराच्या रकान्यात कुणी १२५ असे देवनागरीतच लिहिले, तर जावास्क्रिप्ट त्यास संख्या मानण्याचे साफ नाकारते. अंकांचे रूपांतर करणारे चार ओळींचे फंक्शन स्वतःच लिहावे लागते.

नोंदी टिकाव्यात म्हणून त्या लोकलस्टोरेजमध्ये ठेवल्या. तेथे केवळ मजकूर राहतो, त्यामुळे तारीख परत आल्यावर तिला पुन्हा तारीख करावे लागते. आणि तो साठा त्याच संगणकावरील त्याच ब्राउझरपुरता असतो. पलीकडच्या टेबलावरील संगणकास त्यातले अक्षरही दिसत नाही. त्यासाठी सर्व्हर व डेटाबेस हवा, आणि तो कोणतेही फ्रंट-एंड फ्रेमवर्क आपल्या पदरचा देत नाही. तो उभा राहीपर्यंत वाचनालयाने कागदी नोंदवही चालू ठेवली आहे, आणि ते रास्तच आहे.