यामादा होकोकू

यामादा होकोकू (जन्म : २१ मार्च १८०५, मृत्यू : २६ जून १८७७) हे जपानमधील एदो काळाच्या अखेरचे कन्फ्यूशियन विद्वान आणि बित्चू-मात्सुयामा संस्थानाचे अर्थकारभारी होते. कर्जात बुडालेल्या या संस्थानाची आर्थिक घडी त्यांनी सुमारे आठ वर्षांत बसवली. संस्थानाची राजधानी म्हणजे आजच्या ओकायामा प्रांतातील ताकाहाशी शहर होय.

पूर्वायुष्य

होकोकूंचे घराणे शेती करणारे व मोहरीवर्गीय बियांचे तेल काढून विकणारे होते. आईवडिलांच्या निधनानंतर तरुणपणीच हा व्यवसाय त्यांच्या अंगावर पडला. विद्वत्तेमुळे संस्थानाने त्यांना सामुराईचा दर्जा दिला. एदो (आताचे टोकियो) येथे त्यांनी सातो इस्साई यांच्याकडे अध्ययन केले.

आर्थिक सुधारणा

१८४९ मध्ये इताकुरा कात्सुकियो हे संस्थानाधिपती झाले व त्यांनी आपले गुरू होकोकू यांच्याकडे खजिना सोपवला. जन्मजात सामुराईंना शेतकऱ्याच्या मुलाची ही नेमणूक रुचली नाही. संस्थानाचे अधिकृत उत्पन्न ५०,००० कोकू तांदूळ असले (१ कोकू म्हणजे सुमारे १८० लिटर), तरी प्रत्यक्ष उत्पन्न २०,००० कोकूंपेक्षा कमी होते आणि कर्ज सुमारे १,००,००० र्‍यो या सुवर्णनाण्यांइतके होते. कागदावरील आकड्यामुळेच संस्थानाची पत टिकून होती.

होकोकूंनी ओसाकाला जाऊन सावकारांपुढे खरे हिशेब मांडले. यात नवे कर्ज कायमचे बंद होण्याचा धोका होता. परंतु परतफेडीची योजना पटल्याने सावकारांनी दीर्घ मुदत दिली. ओसाकातील कोठारही बंद करण्यात आले. तांदूळ संस्थानातच साठवून भाव चढल्यावर विकला जाऊ लागला व दुष्काळात तोच लोकांच्या उपयोगी पडला.

बेसुमार छपाई व बनावट नोटांमुळे संस्थानाच्या कागदी चलनावरील विश्वास उडाला होता. आधीच रिकाम्या खजिन्यातून होकोकूंनी या नोटा परत विकत घेतल्या आणि १८५२ मध्ये नदीकाठी लोकांदेखत जाळल्या. वरवर ही उधळपट्टी वाटते; पण त्यामुळेच नंतर काढलेल्या नव्या नोटा लोकांनी स्वीकारल्या. त्या भांडवलावर स्थानिक लोखंडापासून तीन दात्यांची ‘बित्चू कुदळ’ व इतर अवजारे, तसेच तंबाखू यांचे उत्पादन वाढवून हा माल थेट एदोला पाठवण्यात आला.

काटकसरीचा भार मुख्यतः सामुराईंवर पडला. संशय टाळण्यासाठी होकोकूंनी स्वतःच्या घरखर्चाचा हिशेब दुसऱ्याच्या हाती दिला. कर्ज फिटून सुमारे तेवढीच रक्कम शिल्लक पडली, असे सांगितले जाते. १८५९ मध्ये नागाओका संस्थानाचे कावाई त्सुगुनोसुके त्यांच्याकडे शिकण्यासाठी आले.

उत्तरायुष्य

इताकुरा पुढे शोगुनच्या शासनात वरिष्ठ मंत्री झाले. त्यामुळे १८६८ च्या यादवी युद्धात संस्थान सम्राटाचे शत्रू ठरले. इताकुरा दूर असताना होकोकू व इतर सेवकांनी रक्तपात न होऊ देता किल्ला स्वाधीन केला. नंतर संस्थान पुन्हा स्थापन झाले, तेव्हा त्याचे अधिकृत उत्पन्न २०,००० कोकू ठरवण्यात आले. नव्या सरकारात पद न स्वीकारता होकोकूंनी अखेरपर्यंत अध्यापन केले. शिझुतानी येथील जुन्या शाळेतही ते शिकवीत असत. हाकुबी रेल्वेमार्गावरील होकोकू स्थानकाला त्यांचे नाव दिलेले आहे.