पीजचा एक किलोवॅट

स्थानिक प्रश्न मांडणाऱ्या सरकारी दूरचित्रवाणीवर लिहा, असं संपादक म्हणाले तेव्हा त्यांच्या मनात वरळीचा मनोरा असणार. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, ‘आमची माती आमची माणसं’ने शेतकऱ्याला पडद्यावर आणलं, हे सगळं आपल्याला पाठ आहे. पण कोकणातला भात आणि सोलापूरची ज्वारी एकाच कार्यक्रमात उरकायची म्हटली की बोलणं मोघम होणारच. गावाचं नाव घेता येत नाही, सावकाराचं तर नाहीच. म्हणून मी वरळी सोडून गुजरातेतल्या पीजच्या मागे लागलो.

पीज हे नडियादजवळचं गाव. इस्रोच्या अहमदाबादच्या स्पेस ॲप्लिकेशन्स सेंटरने १९७५ मध्ये इथे एक किलोवॅटचा ट्रान्समीटर बसवला आणि जवळजवळ दहा वर्षं एका जिल्ह्यापुरती, खेडा जिल्ह्यापुरती, दूरचित्रवाणी चालवली.

निमित्त होतं ‘साइट’ या उपग्रह-दूरचित्रवाणीच्या प्रयोगाचं. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ हे एक वर्ष ‘नासा’ने आपला एटीएस-६ उपग्रह भारताला वापरायला दिला. सहा राज्यांतल्या २,४०० गावांत कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात त्या जाळीच्या दहा फुटी तबकड्या उभ्या राहिल्या. स्पेस ॲप्लिकेशन्स सेंटरचे संचालक तेव्हा यशपाल होते आणि प्रयोगाची व्यवस्था पाहत होते कोल्हापुरात जन्मलेले एकनाथ चिटणीस. वर्ष संपलं, उपग्रह गेला. पीजचा मनोरा मात्र जमिनीवर होता, त्यामुळे त्याला आभाळातून कुणी काढून नेऊ शकत नव्हतं. बाकीच्या प्रयोगाचा अहवाल झाला; पीज चालू राहिलं.

मला भुरळ पडली ती या ट्रान्समीटरच्या अशक्तपणाची. एक किलोवॅट म्हणजे घरातली इस्त्री खाते तेवढीच शक्ती. त्याचा आवाका जेमतेम ३५ किलोमीटरचा. इंजिनिअरला ही उणीव वाटेल. कार्यक्रम करणाऱ्याला मात्र तीच देणगी होती, कारण समोर बसलेल्या सगळ्यांचा कालवा एक (महीचा), नगदी पीक एक (बिडीची तंबाखू), डेअरी एक (आणंदची अमूल) आणि कलेक्टरही एकच. पडद्यावर कुणी म्हणालं की पाणी खालच्या शेतांपर्यंत पोचत नाही, तर ‘कुठलं पाणी?’ असं विचारावं लागत नव्हतं.

सुमारे ४०० गावांत सहाशेहून अधिक सार्वजनिक संच बसले, आणि त्यांतले बरेचसे दूध मंडळीच्या, म्हणजे गावच्या दूध सहकारी संस्थेच्या, इमारतीत. ही निवड फार हुशारीची. खेडा जिल्ह्याचा सहकारी दूध संघ १९४६ पासूनचा. गावची मंडळी दिवसातून दोनदा दूध घेते, मापते, फॅट तपासते आणि त्याप्रमाणे पैसे देते. संध्याकाळी दूध घालायला बाया येतात, पोरं येतात, म्हातारे येतात. त्यांना टीव्हीसाठी वेगळं बोलवायला नको. संचाची किल्ली एका जबाबदार माणसाकडे. शिवाय मंडळीत खोटं फार दिवस टिकत नाही. जनावराला अमुक खाऊ घाला असं टीव्हीने सांगितलं, तर ते खरं की थाप हे चार दिवसांत फॅटच्या आकड्यातच दिसणार. श्याम बेनेगलांच्या ‘मंथन’ने (१९७६) याच दूध चळवळीला देशभर नेलं, पाच लाख शेतकऱ्यांनी दोन-दोन रुपये काढून तो चित्रपट उभा केला, ते सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच मुलखात रोज संध्याकाळी चालणाऱ्या या पडद्याची आठवण फारशी कुणी काढत नाही.

कार्यक्रमांची नावंच बघा. ‘चतुर मोटा’ म्हणजे गावातला एक शहाणा वडीलधारा. ‘हूं ने मारा ए’ म्हणजे मी आणि आमचे ‘हे’. नवराबायकोच्या नोकझोकीतून कुटुंबनियोजन. बायकांसाठी ‘नारी तू नारायणी’. त्यापलीकडे भूमिहीन मजुरांची पिळवणूक, किमान वेतन, अस्पृश्यता. हे विषय तेव्हाच्या दिल्लीच्या पडद्यावर आले तरी उपदेशाच्या सुरात यायचे. पीजवर ते नाटुकल्यांतून, भवाई या गुजराती लोकनाट्याच्या ढंगात, गावच्या माणसांच्या तोंडून आले. केतन मेहता यांनी उमेदीच्या काळात इस्रोसाठी इथेच टीव्ही कार्यक्रम केले; त्यांच्या ‘भवनी भवाई’त (१९८०) अस्पृश्यतेचा विषय भवाईच्याच अंगाने येतो, हा मला निव्वळ योगायोग वाटत नाही.

कामाची रीत उलटी होती. आधी समाजशास्त्र शिकलेली मंडळी गावांत जाऊन बसायची: लोकांना काय माहीत आहे, काय नाही, कशावर विश्वास नाही, हे टिपायची. मग संहिता. मग कच्चा कार्यक्रम पुन्हा गावात दाखवून बघायचा. लोक हसायला हवे तिथे गप्प बसले तर दुरुस्ती. उचलून नेता येईल असा हलका व्हिडिओ कॅमेरा घेऊन गावकऱ्यांना थेट बोलतं करण्याचे प्रयोगही झाले. जाहिराती नव्हत्या. पैसा अवकाश खात्याचा असल्यामुळे माहिती खात्याचा मंत्री रोज डोकावत नव्हता. उपग्रह सोडणाऱ्यांनी मजुरीच्या दरावर नाटुकली करावी, ही गोष्ट मला अजूनही गंमतशीर आणि थोर वाटते.

आता कुरबुरी. दूध मंडळीत येतो कोण? ज्याच्या दारात म्हैस आहे तो. मजुरांवरच्या कार्यक्रमाची खरी गरज ज्याला, त्या भूमिहीनाला मंडळीच्या ओसरीवर यायला निमित्तच नाही. वर बऱ्याच गावांत मंडळीची सूत्रं जमीनवाल्यांच्याच हाती. म्हणजे कमी मजुरी देणाऱ्याच्या वर्चस्वाखालच्या इमारतीत किमान मजुरीवरचा कार्यक्रम, आणि किल्ली कुणाकडे ते वर सांगितलंच. तरीही हे कार्यक्रम झाले, यातच त्या माणसांची हिंमत दिसते. पण दहा वर्षांत हा गुंता सुटला असं काही म्हणता येणार नाही.

मग १९८२ चं एशियाड आलं, रंगीत टीव्ही आला. १९८३ ला इन्सॅट-१बी कक्षेत गेला. १९८४ मध्ये काही महिने तर देशात जवळजवळ रोज एक नवा ट्रान्समीटर सुरू होत होता. यांतले बहुतेक शंभर वॅटचे, म्हणजे पीजपेक्षाही लहान. आवाक्याच्या हिशेबाने प्रत्येक जण आपापल्या तालुक्याचा पीज होऊ शकला असता. पण त्यांच्या मागे ना स्टुडिओ होता, ना गावात जाऊन बसणारी माणसं. दिल्लीहून येईल ते पुढे ढकलायचं, एवढंच त्यांचं काम. त्याच साली ‘हम लोग’ सुरू झालं आणि टीव्हीला जाहिरातदार सापडले. ३५ किलोमीटरच्या कार्यक्रमाला कोण जाहिरात देणार?

पीजच्या कामाला युनेस्कोचं ग्रामीण संज्ञापनाचं पारितोषिक मिळालं ते साधारण याच सुमारास, आणि टाळंही याच सुमारास लागलं. अहमदाबादला मोठा ट्रान्समीटर झाला होता. मग पीजचा हवा कशाला, असा सरळ हिशेब. १९८५ मध्ये तो मद्रासच्या दुसऱ्या वाहिनीसाठी हलवायचं ठरलं. पीजच्या लोकांनी विरोध केला. ट्रान्समीटर वाचवण्यासाठी एखादं गाव पेटून उठल्याचं दुसरं उदाहरण मला आठवत नाही. पण कागदावर उत्तर तयार होतं: चित्र तर अहमदाबादहून येणारच आहे, आणि अधिक स्वच्छ येणार आहे.

यात खलनायक शोधायचा मोह होतो, पण पीज मुळात कुणाच्याच खात्यात बसत नव्हतं. इस्रोचं काम उपग्रहाचं. प्रयोग संपला की हात झटकणं तिला भागच होतं. दूरदर्शनला जिल्हा हा घटक मान्यच नव्हता, त्याच्या लेखी राज्याची राजधानी हीच ‘स्थानिक’. राज्य सरकारला प्रसारणाचा अधिकार नव्हता. दूध संघाकडे पैसा होता, परवाना नव्हता.

गेल्या काही वर्षांत दूरदर्शनने देशभरातले जुने ॲनालॉग ट्रान्समीटर बंद केले, महाराष्ट्रातलेही. त्यांची जागा आमच्याकडे आता तालुक्या-तालुक्यातल्या यूट्यूब वाहिन्यांनी घेतली आहे. आवाका म्हणाल तर पीजएवढाच, बोली गावची, कॅमेरा खिशात मावणारा. तंत्राचं म्हणून जे हवं होतं ते सगळं फुकटात आलं आहे. फक्त गावात जाऊन बसणाऱ्यांचा पगार कुणी देत नाही. वाहिनी चालते नेत्यांच्या वाढदिवसाच्या जाहिरातींवर, आणि कालव्याचं पाणी शेवटच्या शेतापर्यंत का पोचत नाही हे विचारायचं तर बहुतेक वेळा त्याच नेत्याला विचारावं लागतं.